घरच्या बेकिंगचा स्टॉल: फळ दर आठवड्याला बदलतं, लोफ बदलून चालत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की घरी तीनेक वर्षं केक, लोफ (लांबट टिनमध्ये भाजलेला, कापून खायचा केक), कुकीज करताय, जवळच्या बागेतली फळं, शेतावरचा भोपळा, ओळखीच्या मधवाल्याकडचा मध असं आसपासचंच सगळं वापरता, खाणारे म्हणतात आता बाजारात स्टॉल लाव, आणि तुम्हालाही तेच डोक्यात घोळतंय. पण एकच रेसिपी एकदा मस्त जमते आणि पुढच्या वेळी मधोमध बसते, नाहीतर आतून चिकट राहते, त्यामुळे हिंमत होत नाही. सुरुवात कुठून करू आणि मोठा ओव्हन आत्ताच घेऊ का?

मी गेली अकरा वर्षं स्टॉल लावतेय. माझं उत्तर आधी सांगते, मग सविस्तर: तुम्हाला जो हिंमतीचा प्रश्न वाटतोय तो बराचसा पाण्याचा प्रश्न आहे. स्टॉलवर माणूस पहिल्यांदा वासाने येतो, दिसण्याने येतो, पण दुसऱ्यांदा येतो ते मागच्या शनिवारी घेतला तोच लोफ हवा म्हणून. आणि नेमकं हेच आपल्याला जड जातं कारण आपण जवळचं फळ वापरतो आणि जवळचं फळ दर आठवड्याला वेगळं असतं.

केळ्यात साधारण ७५ टक्के पाणी असतं, सफरचंदात ८५ च्या आसपास, गाजरात ८८, भोपळ्यात आणि स्ट्रॉबेरीत ९० च्या वर. म्हणजे रेसिपीत लिहिलेला २५० ग्रॅम केळ्याचा गर काढून तुम्ही त्याजागी २५० ग्रॅम भोपळ्याचा गर घातलात तर नुसती चव बदलली असं नाही, पाणीसुद्धा ४० ग्रॅमने वाढलं, आणि साखर पण बरीच कमी झाली. त्यात भोपळा पावसानंतर लगेच काढलेला असेल तर आणखी पाणचट. डब्यातली प्युरी वापरणाऱ्याला हा त्रास नसतो कारण ती कारखान्यात एका ठराविक घट्टपणाला आणलेली असते. आपल्याला ते काम घरी करायचंय, बास, एवढाच फरक आहे.

भोपळ्याचं मी कसं करते ते सांगते. उभा चिरायचा, बिया काढायच्या, कापलेली बाजू खाली करून ट्रेमध्ये ठेवायचा आणि २०० डिग्रीला सुरी सहज आत जाईपर्यंत भाजायचा. उकडायचा नाही, उकडला की तो आणखी पाणी पितो. मग चमच्याने गर काढून चाळणीवर फडकं टाकून तासभर निथळत ठेवायचा, खाली जे पिवळं पाणी जमतं ते बघूनच कळेल की आपण आतापर्यंत लोफमध्ये काय ओतत होतो. त्यानंतर रुंद कढईत मंद आचेवर परतायचा, कालथ्याने गर बाजूला सारला की कढईचा तळ दिसला पाहिजे आणि त्या रिकाम्या जागेत पाणी सुटून यायला नको. चमचाभर गर ताटलीत ठेवून पाच मिनिटं थांबा, कडेने पाण्याचं कडं दिसलं तर अजून परता. आणि परतण्याआधी नि नंतर वजन करायचं. ५०० ग्रॅम होतं ते ३५० झालं की माझ्या लोफला चालतं, तुमच्या भोपळ्याला कदाचित ३८० ला थांबावं लागेल, पण एकदा आकडा सापडला की तो वहीत लिहा.

रसाळ फळांना, म्हणजे स्ट्रॉबेरी, पीच, प्लम वगैरे, दुसरी युक्ती. फोडींवर रेसिपीतल्याच साखरेपैकी थोडी साखर भुरभुरवून तासभर ठेवायच्या, रस सुटतो, तो रस गाळून एकटाच आटवायचा आणि पाकासारखा झाला की थंड करून परत फोडींत मिसळायचा. सगळी चव आत राहते आणि पाणी मात्र निघून जातं. फोडी तळाला बसतात म्हणून लोक त्यांना मैद्यात घोळवतात, त्याने फार काही होत नाही हो, बॅटर पातळ असेल तर फोडी खाली जाणारच. बॅटर घट्ट करा आणि फोडी लहान ठेवा.

आता लोफचं गणित. तुमच्या सगळ्या रेसिपी कप चमच्यातून काढून ग्रॅममध्ये लिहा आणि पीठ १०० धरून बाकी सगळं त्याच्या टक्क्यात मांडा, बेकरीवाले असंच करतात. माझा फळाचा साधा लोफ असा आहे: पीठ १००, घट्ट केलेला गर १००, साखर ६०, तेल किंवा पातळ केलेलं बटर ४५, अंडी ४०, बेकिंग पावडर ३, मीठ १. पीठ २५० ग्रॅम घेतलं तर गर २५०, साखर १५०, तेल ११० च्या थोडं वर, अंडी १०० म्हणजे कवच काढून मध्यम आकाराची दोन, बेकिंग पावडर साडेसात ग्रॅम, मीठ अडीच. पावणेनऊशे ग्रॅमच्या आसपास बॅटर होतं, एका मोठ्या लोफ टिनला पुरतं, १७० डिग्रीला तासभर. या मांडणीचा फायदा असा की फळ बदललं तरी सांगाडा तोच राहतो, आणि वीस लोफ करायचे झाले तरी गुणाकारच करायचाय. मफिनच्या साच्यात घालायचं असेल तरी हेच बॅटर चालतं.

लोफ झाला की नाही ते काडी घालून बघू नका, म्हणजे बघा पण त्यावर विसंबू नका, कारण फळाची फोड काडीला लागली की ती ओलीच येते आणि आपण उगाच अजून दहा मिनिटं भाजतो, नाहीतर काडी नेमकी कोरड्या जागी शिरते आणि मधला भाग कच्चा राहतो. सुईसारखं टोक असलेला थर्मामीटर घ्या. लोफच्या मध्यभागी ९६ ते ९९ डिग्री दिसलं की बाहेर काढा. माझ्या लोफचं मधे बसणं या एका वस्तूने थांबलं. आणि दुसरा एक थर्मामीटर ओव्हनच्या आत टांगायचा, घरगुती ओव्हन बटणावर १७० दाखवतो आणि आत १५० किंवा १९० असतं, हे फार कॉमन आहे.

खायचा सोडा आणि बेकिंग पावडर यांची अदलाबदल करू नका. सोड्याला आंबट काहीतरी लागतं, ताक, दही, लिंबू, मध, आंबट फळ, नाहीतर तो उरतो आणि साबणासारखी चव येते. सोडा घातलेलं बॅटर लगेच ओव्हनमध्ये गेलं पाहिजे, तर बेकिंग पावडरचा बराचसा जोर गरम झाल्यावर येतो म्हणून ट्रेच्या दोन फेऱ्या असतील तर ती बरी पडते. आणि रंगाचा एक मुद्दा, जो मला अनुभवातून कळला. जांभळ्या, निळ्या फळांचा रंग सोडा जास्त झाला की हिरवट निळा होतो. सूर्यफुलाच्या बियांचं तर आणखी विचित्र, सोड्याच्या कुकीत त्या थंड झाल्यावर आतून हिरव्यागार होतात. खायला काहीच धोका नाही, पण स्टॉलवर एका बाईंनी कुकी मोडली, आत हिरवं बघितलं, बुरशी समजून ठेवून दिली आणि बाजूच्या चार जणांनीही तेच ऐकलं. मी समजावून सांगितलं पण त्या दिवशी ती कुकी पुढे विकली गेली नाही. तेव्हापासून सूर्यफुलाच्या बिया घातल्या की मी सोडा कमी करते आणि थोडा लिंबाचा रस टाकते.

मध वापरता म्हणून सांगते, साखरेच्या जागी तेवढ्याच मापाने मध घालू नका. एक कप साखरेला पाऊण कप मध, रेसिपीतलं बाकी पाणी किंवा दूध पाव कपाने कमी, आणि ओव्हन १५ डिग्रीने खाली, कारण मधाने कड लवकर काळी पडते. मध आंबट असतो म्हणून चिमूटभर सोडा चालतो. आणि मधाची बाटली विकायला ठेवलीत तर लेबलवर ठळक लिहा की एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये.

गिरणीतून ताजं दळून आणलेलं पीठ वापरत असाल तर ते पॅकेटमधल्या मैद्यापेक्षा जास्त पाणी ओढतं आणि सावकाश ओढतं, म्हणून आधी फक्त ३० टक्के पीठ बदला, आणि तेवढं पीठ फळाच्या गरात किंवा ताकात आदल्या रात्री फ्रिजमध्ये भिजवून ठेवा, लोफ भुसभुशीत न होता नीट कापला जातो. ताजं पीठ जास्त दिवस ठेवू नका, त्यातल्या तेलाला खवट वास लागतो, आणि उरलंच तर फ्रीजरमध्ये.

बागवाल्याकडून थोडं डागाळलेलं, जास्त पिकलेलं फळ घ्या, बेकिंगला तेच उत्तम असतं आणि त्यालाही बरं पडतं. पण मार लागलेलं आणि बुरशी आलेलं यात फरक करा. मार लागलेला भाग कापून टाकला की चालतं. बुरशी दिसली की ते फळ पूर्ण बाजूला, कारण सडक्या सफरचंदात पॅट्युलिन नावाचं विष तयार होतं आणि ते भाजल्याने जात नाही. इथे मन घट्ट करायचं, एवढं फळ फुकट कसं घालवू असा विचार मला पण येतो पण नाही म्हणजे नाही. सीझनला ढिगाने फळ मिळतं तेव्हा गर घट्ट करून बरोबर २५० ग्रॅमच्या सपाट पिशव्या भरायच्या, तारीख नि फळाचं नाव लिहायचं आणि फ्रीजरमध्ये उणे १८ ला. एक पिशवी म्हणजे एक लोफ. घाईच्या शुक्रवारी याचं महत्त्व कळतं.

काय विकू नये यावर थोडी थांबते. सुरुवातीला क्रीम, कस्टर्ड, चीजचं फ्रॉस्टिंग, वर कापलेली ताजी फळं असलं काही टेबलावर नको. ५ ते ६० डिग्रीच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात आणि उन्हातला टेबल बरोबर त्याच पट्ट्यात असतो. कोरडे लोफ, मफिन, कुकीज, जॅम यांवर हात बसू द्या. जॅममध्ये साखर भरपूर, फळ आंबट आणि पाक १०४, १०५ डिग्रीपर्यंत गेलेला असतो म्हणून तो टिकतो. पण हाच न्याय भोपळ्याच्या प्युरीला लावून ती बाटलीत भरून बाहेर ठेवू नका, भोपळा आंबट नाही, त्याचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका मोठा तितकं आंबट कमी) ४.६ च्या वर आहे, आणि अशा बंद बाटलीत बोटुलिझमचा जंतू वाढू शकतो. वास येत नाही, रंग बदलत नाही आणि माणूस जिवावर बेततं इतका आजारी पडतो. म्हणून मला यात कसलीच सूट द्यावीशी वाटत नाही.

माझ्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली, तीही इथे लिहिते. रात्री उशिरा लोफ निघाले, झोप अनावर झाली, कोमट असतानाच प्लास्टिकमध्ये बांधले. सकाळी पिशवीच्या आत थेंब होते, वरची खरपूस साल मऊ पडलेली, आणि ज्यांनी घेतले त्यातल्या दोघांनी पुढच्या आठवड्यात सांगितलं की तिसऱ्या दिवशी बुरशी आली. मी दोघांचे पैसे परत केले आणि तेव्हापासून नियम केला: लोफ जाळीवर किमान तीन तास, हाताला नाही तर थर्मामीटरला मध्यभाग खोलीइतका थंड लागला की मगच बांधायचा. यासाठी बेकिंग एवढं आधी संपवायला लागतं की झोपायच्या आधी सगळं थंड होईल. तो वेळ तुमच्या टाइमटेबलमध्ये धरा.

किती दिवस टिकतं हे अंदाजाने लिहू नका. एक लोफ करा, विकणार त्याच पिशवीत पाच तुकडे वेगवेगळे बांधा, घरातल्या सगळ्यात गरम कोपऱ्यात ठेवा आणि रोज एक उघडून वास, चव, पोत बघून लिहून ठेवा. ज्या दिवशी शंका आली त्याच्या दोन दिवस आधीची तारीख लेबलवर टाका. पावसाळी दमट हवेत हीच टेस्ट परत करा, उत्तर वेगळं येतं. आणि शिळं होऊ नये म्हणून साधा लोफ फ्रिजमध्ये ठेवू नका, फ्रिजच्या थंडीत पिठातला स्टार्च उलट लवकर कडक होतो. ठेवायचाच तर घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये, आणि गुंडाळलेलाच बाहेर काढून नॉर्मलला येऊ द्यायचा.

लेबल आणि परवान्याचं जिथे राहता तिथल्या स्थानिक ऑफिसात आधी विचारा, जागोजागी नियम फार वेगळे आहेत. ॲलर्जीचंच बघा, युरोपियन युनियनमध्ये १४ प्रकार सांगावे लागतात, अमेरिकेत २०२३ पासून तीळ धरून ९. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून विकण्याआधीच तिथल्या तिथे पॅक केलेल्या पदार्थांवरही सगळे घटक लिहावे लागतात. नियम काहीही असो, तुम्ही घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहा आणि गहू, अंडं, दूध, सुकामेवा, तीळ ठळक करा. एकाच ट्रेवर शेंगदाण्याची कुकी आणि साधी कुकी झाली असेल तर तेही लिहा. समोर लहान मुलाचा हात धरून उभी असलेली आई तेच वाचायला वाकलेली असते.

आता ओव्हनचं. घरगुती ओव्हनमध्ये दोन लोफ एका वेळी धरा, तास भाजणं आणि पाच मिनिटं परत तापायला, म्हणजे सहा तासांत पाच फेऱ्या, दहा लोफ. तेच बॅटर मफिनच्या साच्यात घातलं तर दोन ट्रे मिळून २४, वीस बावीस मिनिटं, ट्रे बदलायला आठ, तासाला ४८. त्या सहा तासांतले चार लोफला दिले, म्हणजे तीन फेऱ्यांत सहा, आणि दोन मफिनला, तर ९६ मफिन मिळतात. दोन ट्रे एकदम ठेवले तर मधे एकदा वरचा खाली आणि पुढचा मागे फिरवा. कुकीचं पीठ आधीच्या आठवड्यात गोळे करून फ्रीजरमध्ये ठेवलं तर ते शेवटच्या फेरीत थेट जातं. म्हणून स्टॉलचा मेनू ठरवायचा तो ओव्हन समोर ठेवून, काय आवडतं त्यावरून नाही. तीन किंवा चार पदार्थ, पाचवा नको. त्यातला एक दर महिन्याला फळाप्रमाणे बदलता ठेवा, बाकी तीन कायम तेच.

दराबद्दल एकच ठोकताळा देते: कच्चा माल आणि पॅकिंग मिळून विक्रीच्या किमतीच्या एक तृतीयांशावर जायला नको. बाकी दोन भागांत गॅस किंवा वीज, जागेचं भाडं, जाण्यायेण्याचा खर्च, उरलेला माल आणि तुमचे तास येतात. तास खरोखर लिहून काढा. फळ आणणं, सोलणं, घट्ट करणं, भांडी, लेबलं, टेबल मांडणं, उभं राहणं, आवरणं. मी लिहिले तेव्हा कळलं की प्रत्यक्ष बेकिंग माझ्या वेळाचा जेमतेम तिसरा हिस्सा होता, आणि दर मी तेवढ्यावरच ठरवला होता. घरची माणसं म्हणतात एवढा महाग कोण घेईल, पण घरच्यांना फुकट खायची सवय असते, त्यांच्यावरून दर ठरवू नका. त्यांचं कौतुक मनापासूनचं असतं, ते जपा, पण बाजाराचा अंदाज हवा असेल तर थोड्या लांबच्या ओळखीच्या दहा जणांना पूर्ण दराने विका आणि महिन्याभरात किती जण स्वतःहून परत मागतात ते मोजा.

स्टॉल बुक करायच्या आधी सलग तीन आठवडे रंगीत तालीम करा. म्हणजे बाजार शनिवारी असेल तर गुरुवारी गर, शुक्रवारी बेकिंग, रात्री थंड, पहाटे पॅकिंग, ठरल्या वेळेला सगळं खोक्यांत भरून दाराशी तयार. खरोखर तेवढ्याच नगांचं. पहिल्या आठवड्यात तुम्ही दोन तास उशिरा असाल. तिसऱ्या आठवड्याला तिन्ही लोफ कापून शेजारी शेजारी ठेवा (आधीच्या दोन आठवड्यांचा एकेक फ्रीजरमध्ये ठेवायचा), उंची, रंग, मधला भाग बघा. तीनही सारखे दिसले की बुकिंग करा.

पहिल्या दिवशी वाटतंय त्याच्या निम्माच माल न्या. एक लोफ कापून ठेवा, कापलेली बाजू दिसली पाहिजे कारण फळ आत असतं. झाकण जाळीचं किंवा काचेचं, टेबलावर सावली, नमुन्याचे तुकडे चिमट्याने द्यायचे, पैसे घेणारा हात आणि खाणं देणारा हात वेगळा ठेवा, जमलं तर दुसरं माणूसच सोबत घ्या. फळ कुणाच्या बागेतलं आहे ते पाटीवर लिहायचं असेल तर त्या माणसाला आधी विचारा, आणि मग मात्र खरंच त्याचंच फळ वापरा. एखाद्या आठवड्यात दुसरीकडून आणलं तर पाटी काढून ठेवा. लोक विचारतात हो, आणि लक्षात ठेवतात.

आणि मोठ्या ओव्हनचं: आत्ता नको. त्याआधी दोन थर्मामीटर, एक ग्रॅमच्या खालीसुद्धा दाखवणारा छोटा वजनकाटा बेकिंग पावडरसाठी, चार जास्तीचे लोफ टिन आणि थंड करायच्या दोन मोठ्या जाळ्या घ्या. सलग सहा बाजार दुपारच्या आत माल संपला, आणि वहीत दिसलं की तुमचे हात रिकामे आहेत पण बॅटर ओव्हनची वाट बघत बसलंय, तेव्हा परत लिहा, आपण ओव्हनबद्दल नीट बोलू.